आप्पांचा कारभारी

दवाखान्याचं शटर खाली होतं आणि पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणी गालाला हात लावून बसलं होतं, कुणी घड्याळाकडे बघत येरझारा घालत होतं. एक आजीबाई नवी कवळी डबीत घालून आल्या होत्या आणि ती नेमकी कुठे टोचते हे शेजारणीला डबी उघडून दाखवत होत्या.

"रविवारी सकाळी दहा वाजता या, असा स्पष्ट मेसेज आहे," टक्कल पडलेले एक गृहस्थ फोन नाचवत म्हणाले. "आणि दाराला कुलूप! ही काय थट्टा चालवलीय?"

"मलाही दहालाच बोलावलंय."

"मलाही!"

"मग काय, एका खुर्चीत सगळ्यांना बसवणार आहेत?"

यावर गाल सुजलेले लोकसुद्धा हसले. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या आप्पांना मात्र हसू आलं नाही. दवाखान्यातल्या भेटींच्या वेळा ठरवणारा, पेशंटला आठवणीचे मेसेज पाठवणारा प्रोग्राम त्यांचा होता. त्यांनी एकट्याने लिहिलेला. शेजारी त्यांची सून उभी होती. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"आप्पा, काल दुपारी मी टेस्ट चालवली ना, त्यातलेच हे मेसेज," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांच्या वेळा मीच आज दहाच्या करून बघितल्या होत्या. पण ते माझ्या मशीनवर होतं हो! बाहेर काही जायलाच नको होतं."

"जायला नको होतं, पण गेलं," आप्पा म्हणाले. "चल. आता तोंड दाखवायला हवं."

दोघं रस्ता ओलांडून जाईपर्यंत डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या. पायात घरातल्या चपला, केस ओले. आप्पांनी काही लपवलं नाही. कुणामुळे झालं हे तेवढं सांगितलं नाही. "आमच्याकडून चूक झाली" एवढंच म्हणाले. सून मध्येच काही बोलायला गेली तर त्यांनी तिला नजरेने गप्प केलं. डॉक्टरीणबाईंनी गर्दीवरून एक नजर फिरवली, मोठा श्वास घेतला आणि शटर वर केलं.

"ज्यांचं खरंच दुखतंय त्यांनी थांबा. बाकीच्यांनी मला माफ करा आणि रविवार घालवा मजेत."

दुखणारे बरेच निघाले. टकलू गृहस्थांची दाढ तर अशी होती की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले असते तर गालाचा भोपळा झाला असता. जाताना ते आप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमची चूक माझ्या चांगलीच पथ्यावर पडली बघा." आजीबाईंची कवळी घासून झाली. त्या दारात वळून सगळ्यांकडे बघून उगाचच हसल्या.

सगळे गेल्यावर डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "आप्पा, आज निभावलं. पण पुढच्या महिन्यात मी दुसरा दवाखाना उघडतेय. तिथे कुठला प्रोग्राम घ्यायचा ते ठरवायचंय. मोठ्या कंपनीचा माणूस रोज माझं डोकं खातो. तुम्ही घरचे म्हणून मी त्याला टोलवत आलेय. हे परत झालं ना, तर मला नाही टोलवता येणार."

"परत नाही होणार," आप्पा म्हणाले. कसं होणार नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आप्पांची नोकरी टेलिफोन खात्यातली. जुन्या एक्स्चेंजमध्ये तारांच्या जंगलात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ती एक्स्चेंज मोडीत निघाली तशी त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि पुस्तकं आणून, चष्म्याचा नंबर वाढवून घेऊन प्रोग्रामिंग शिकले. त्यालाही निमित्त बायकोचा दात. ती याच दवाखान्यात ताटकळत बसून अर्धी झाली होती. घरी येऊन म्हणाली, "अहो, एवढ्या तारा जोडल्यात जन्मभर, या बाईंना जरा कुणाला कधी बोलवायचं ते जोडून द्या ना." आप्पांनी जोडून दिलं. मग डोळ्यांचे डॉक्टर आले, हाडांचे आले, आणि बाहेरच्या खोलीत एक छोटं दुकानच सुरू झालं. फोन बायको, म्हणजे सुनेच्या सासूबाई, घ्यायच्या. मुलगा बोटीवर, आज या बंदरात तर उद्या त्या. सून मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून वर्षभरापूर्वी आप्पांच्या हाताखाली आली होती. हाताखाली म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने आप्पांना आपल्या पडद्यासमोर बसवलं.

"हा बघा तुमचा 'आठवण' नावाचा क्लास, प्रोग्रामचा आठवणीचे मेसेज बघणारा तुकडा. याला मेसेज पाठवायचा असला की हा मेसेज पाठवणारा स्वतःच आतल्या आत बनवतो. खराखुरा. चावी, पासवर्ड, सगळं आतच लिहिलेलं. मी बाहेरून कितीही ओरडले की बाबा रे, ही टेस्ट आहे, तर याला ऐकूच जात नाही."

"ते मी मुद्दाम केलंय," आप्पा ताठ झाले. "माझा प्रत्येक क्लास आपलं आपण बघतो. कुणाच्या दारात जात नाही."

"तेच तर दुखणं आहे. 'भेट' स्वतःचा मेसेजवाला बनवते, 'बिल' स्वतःचा बनवतं. एकाला बदलायचं म्हटलं तर घरभर शोधत फिरायचं."

"मग तुझं म्हणणं काय?"

"कुणी काही बनवायचंच नाही. आपल्याला काय लागतं ते प्रत्येकाने दारातच सांगायचं. देणारा एकच. प्रोग्राम सुरू होताना एका फायलीत आपण लिहून ठेवायचं, मेसेजवाला मागितला तर हा द्यायचा, डेटाबेस मागितला तर तो द्यायचा. या देणाऱ्याला कंटेनर म्हणतात. दवाखान्यात चालताना तो खरा मेसेजवाला देईल आणि टेस्टमध्ये खोटा. खोटा काय पाठवायचं होतं ते नुसतं लक्षात ठेवतो, पाठवत काही नाही. आणि घेणाऱ्याला कळतही नाही, खरा मिळाला की खोटा."

"नाव काय म्हणालीस या प्रकाराचं?"

"डिपेंडन्सी इंजेक्शन."

पलीकडे भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "दातांच्या डॉक्टरांचं काम करता करता तुम्हीही टोचायला लागलात का?"

सून खळखळून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. आप्पा हसले नाहीत. उठले, चपला सरकवल्या आणि फिरायला निघून गेले. परत आले ते दारातूनच बोलत.

"ठीक आहे. कर. पण 'कारभारी'ला हात लावायचा नाही."

'कारभारी' हा आप्पांचा पहिला क्लास. प्रोग्रामची सुरुवातच त्याच्यापासून झालेली. वेळा देणारा तो, बिलं काढणारा तो, सुट्ट्या पाळणारा तो. बाकीचे सगळे पुढे त्याच्या पोटातून निघाले, आणि तरीही प्रत्येक काम त्याच्यावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. फायलीच्या अगदी वर आप्पांनी आपलं नाव लिहिलं होतं आणि खाली, 'याच्या वाटेला जाऊ नये.'

"नाही लावत," सून म्हणाली. "आधी बाकीचं तर होऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत पाडकाम सुरू झालं. सून एकेक क्लास उघडायची, त्याने आत काय काय बनवलंय ते काढून टाकायची आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरवर, म्हणजे त्याच्या दारावर, मागणी लिहायची. आप्पा पहिले दोन दिवस पेपरात तोंड खुपसून बसले. पण पेपराच्या कडेवरून त्यांची नजर तिच्या पडद्यावर होती, आणि ते न विचारता बोलायचे.

"त्या 'बिल'मध्ये तारखेचा एक हिशेब आहे. तो काढू नकोस. हाडांच्या डॉक्टरांचा महिना पंधरा तारखेला सुरू होतो."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठे नाही. मला माहीत आहे."

"आप्पा, तुम्ही इकडे या बघू. पेपर नंतर वाचा."

ते खुर्ची ओढून गेले ते तिथेच राहिले. नावं त्यांना ठाऊक, खाचाखोचा त्यांना ठाऊक. कुठला धागा ओढला की कुठे उसवेल ते ते आधी सांगायचे. ती कंटेनरच्या फायलीत एकेक ओळ वाढवायची. मधूनच जुन्या एखाद्या ओळीशी ते रेंगाळायचे. "ही ओळ लिहिली ना, तेव्हा तुझ्या नवऱ्याची बारावी होती," ते म्हणायचे. "कार्टं अभ्यास सोडून माझ्यामागे उभं. म्हणे बाबा, तुमचं स्पेलिंग चुकलंय." चुकलेलं स्पेलिंग अजून तसंच होतं. सुनेने ते दुरुस्त करायला हात उचलला आणि परत खाली घेतला.

पहिल्यांदा कंटेनर चालू केला तर प्रोग्राम उठेचना. पडद्यावर लाल अक्षरं. आप्पा खुर्चीतून उठले, पण सून वाचून हसायला लागली.

"बघा काय झालंय. 'भेट' म्हणते, आधी 'बिल' द्या, मग मी उभी राहते. 'बिल' म्हणतं, आधी 'भेट' द्या. कंटेनर म्हणतो, तुम्ही दोघं ठरवा, मी चाललो."

"पण इतकी वर्षं चाललंच ना ते!"

"चाललं, कारण मध्ये कारभारी होता. दोघांच्या मनातलं त्याला कळायचं."

आप्पांना हे ऐकून बरं वाटलं. मग त्या दोघांमध्ये नक्की काय अडकलंय ते दोघांनी मिळून शोधलं. निघालं एवढंच की उपचारांचे दर दोघांनाही लागतात. दर वेगळे काढून तिसरीकडे ठेवले, दोघांनीही ते कंटेनरकडे मागितले, आणि प्रोग्राम उठला. टेस्ट चालवल्या. खोट्या मेसेजवाल्याकडे मेसेज शिस्तीत जमा झाले. सासूबाईंनी पुन्हा पुन्हा फोन उचलून पाहिला. कुणाचीही तक्रार नव्हती.

"आता एकदा घरीच दवाखाना लावू," सून म्हणाली. "खरोखरीची माणसं बसवून."

सासूबाईंना तिने आतल्या खोलीत लॅपटॉप देऊन स्वागतिका केलं. आप्पा बाहेर, डॉक्टर. ती स्वतः पेशंट होऊन दोन्ही खोल्यांमधून कण्हत फिरत होती.

"नाव सांगा," आतून सासूबाईंचा आवाज आला, इतका करडा की खऱ्या स्वागतिकेने शिकावं. "आणि एवढं कण्हायला काय झालं? बाकीचे पेशंट घाबरतील."

भेट नोंदवली गेली. मग बाहेर आप्पांनी डॉक्टर म्हणून आपलं पान उघडलं. वर कोपऱ्यात लिहून आलं होतं: 'स्वागतिका, आपलं स्वागत आहे.' त्यांनी औषध लिहिलं, तर चिठ्ठीखाली सहीच्या जागी सासूबाईंचं नाव.

"अगं," आप्पांनी हाक मारली, "तू कधी डॉक्टर झालीस?"

"का? तुमची पथ्यं इतकी वर्षं कोण सांभाळतंय?" आतून उत्तर आलं.

सून मात्र कण्हायची थांबली होती. धावत येऊन तिने पडदा पाहिला. दवाखान्यात हे झालं असतं तर? स्वागतिकेच्या नावाने औषधाची चिठ्ठी पेशंटच्या हातात गेली असती. मेसेजचा गोंधळ परवडला, हा नव्हे.

"क्रॉस कनेक्शन," आप्पा म्हणाले. "आमच्याकडे पाऊस जास्त झाला की व्हायचं. फोन लावायचा मामाला आणि उचलायचा भलताच कुणी."

"पाऊस कसला, आप्पा. मीच केलंय हे." तिने कंटेनरची फाइल उघडली होती. "इथे सांगायचं असतं, एखादी वस्तू एकदाच बनवून सगळ्यांना तीच द्यायची, की दर वेळी पान उघडलं की नवी. आत्ता कोण काम करतंय ते लक्षात ठेवणारी वस्तू आहे ना, ती दर वेळी नवी हवी. तशी मी सांगितलीयसुद्धा. पण चिठ्ठी लिहिणारा क्लास मी कायमचा एकच ठेवला. त्याने पहिल्यांदा आई आल्या तेव्हा त्यांना धरलं आणि सोडलंच नाही. मग येईल तो पेशंट, येईल तो डॉक्टर, याच्या लेखी सगळ्या आईच." तिने कीबोर्ड दूर सारला. "तुमच्या प्रोग्राममध्ये असं कधी झालं नव्हतं. मी मोठी शहाणी निघाले सुधारायला."

आता आप्पांची वेळ होती. खरं तर या क्षणाची ते मनातल्या मनात वाट बघत होते. पहिल्या दिवशी पेपरामागे बसून तर त्यांनी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण ती समोर डोळे पुसत बसली होती, आणि त्यांना ते वाक्य आठवेना. आठवलं ते भलतंच: एक्स्चेंजमध्ये नवीन असताना त्यांनी अख्ख्या एका गल्लीचे फोन बंद पाडले होते, तेव्हा त्यांचे साहेब शेजारी बसून काही न बोलता तारा सोडवायला लागले होते.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "सरक जरा. आणखी कुणाला कायमचा ठेवलायस ते एकेक बघू. मी नावं वाचतो, तू सांग."

दोघं नावं तपासत गेली. तीन-चार ठिकाणी तोच दोष होता; तो काढला. मग तिला आठवलं की कायमच्या वस्तूने क्षणाची वस्तू मागितली तर सुरुवातीलाच अडवायची सोयही कंटेनरमध्ये असते. ती चालू केली. नंतर मुद्दाम चूक करून पाहिली, तर प्रोग्रामने उठायलाच नकार दिला. आप्पांना ते फारच आवडलं. त्यांनी आणखी दोनदा चूक करायला लावली.

"आता खरं सांगू का?" ती जरा वेळाने म्हणाली. "कारभाऱ्याला मी हात लावलेला नाही. पण त्याच्याकडे काम उरलेलं नाही."

आप्पांनी फाइल उघडली. खरंच, आत काही नव्हतं. वेळा 'भेट'कडे गेल्या होत्या, दर वेगळे झाले होते, सुट्ट्यांसाठी वेगळा क्लास होता. वर त्यांचं नाव, खाली 'याच्या वाटेला जाऊ नये', आणि त्याच्याखाली दोन रिकामे कंस.

"राहू दे का तशीच?" सुनेने विचारलं. "काही बिघडत नाही तिच्यामुळे."

"बिघडत नाही म्हणून ठेवायची?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी स्वतः ती फाइल पुसली, टेस्ट चालवल्या, आणि सगळीकडे पास झाल्याचं हिरवं आलेलं बघून मोठ्याने म्हणाले, "कारभारी गेला."

सासूबाई आतून धावतच आल्या. "कोण गेला? कधी? काल तर बरे होते ना?"

कोण बरे होते आणि त्यांना नेमकं कोण वाटलं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण तिघंही इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

नवा प्रोग्राम दवाखान्यात लागला त्या दिवशी आप्पा आणि सून दोघंही गेली. स्वागतिकेने आपल्या खोलीतून भेट नोंदवली, डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंचंच नाव आलं. मेसेज एकाच माणसाला गेला, आणि तोही योग्य माणसाला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

"चला, आता या प्रोग्रामवरचा पहिला पेशंट तुम्हीच, आप्पा. बसा खुर्चीत. कौतुक म्हणून फुकट दात तपासून देते."

आप्पा हसत हसत बसले आणि रडत रडत उठायची वेळ आली. मागची एक दाढ पार गेली होती. "ही ठेवण्यात अर्थ नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आप्पा विचार करतो म्हणेपर्यंत भूल देऊन मोकळ्या झाल्या.

तोंडात कापसाचा बोळा घेऊन आप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते, तेवढ्यात कानाचे डॉक्टर आले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनाही असाच प्रोग्राम हवा होता.

"हे आप्पा. यांनीच केलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वा! मला सांगा, उद्या माझ्याकडे मेसेजऐवजी फोन करायची पद्धत हवी असली, तर सगळं परत लिहावं लागेल का?"

आप्पांनी तोंड उघडलं. कापूस हलला, ते परत मिटलं. त्यांनी सुनेकडे बोट केलं.

ती पुढे झाली. "नाही लिहावं लागणार. आमच्या प्रोग्राममध्ये मेसेजवाला कुणी स्वतः बनवत नाही. सगळे एका ठिकाणी मागतात. तिथे मी फक्त एवढंच सांगायचं की मेसेजवाला मागितला तर आता फोनवाला द्या. बाकी कुणाला पत्ताही लागत नाही."

डॉक्टर विचारत गेले, ती सांगत गेली. मध्येच हाडांच्या डॉक्टरांच्या पंधरा तारखेचा विषय निघाला, तर तो तारखेचा हिशेबही तिने बिनचूक सांगितला. आप्पा गाल धरून ऐकत होते. एकदोन जागी त्यांनी मान वर केली, पण ते सांगणार होते तेच ती सांगत होती. कानाचे डॉक्टर तिचा नंबर लिहून घेऊन गेले.

संध्याकाळी सासूबाईंनी आप्पांपुढे गार दुधाची वाटी ठेवली आणि कापूस काढायला लावला. "बोला आता. दिवसभर पोटात धरून ठेवलंय, फुटाल. काय सांगायचं राहिलं त्या डॉक्टरांना?"

सून पलीकडे टेबलाशी काम करत होती. तिची बोटं थांबली.

आप्पांनी आठवून पाहिलं. "काही नाही," ते जड जिभेने म्हणाले. "सगळं सांगितलं तिने."

मग ते चमच्या-चमच्याने दूध पीत बसले. जीभ सारखी मागे जात होती, दाढ होती त्या मऊ, मोकळ्या जागेपाशी. जाऊन चाचपून परत येत होती.